स्कूटर अण्णांची, जाहिरात सगळ्यांची



यंदा दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने रोज रात्री एक छोटा कार्यक्रम ठेवला होता. तिसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तम आर्जवाच्या दिवशी, प्रवचन झाल्यावर खेळ होता ‘जाहिरात ओळखा’. मोबाइलवर टीव्हीवरच्या जुन्या जाहिरातींचे नुसते सूर वाजवायचे आणि आपण नाव सांगायचं. असे बारा सूर होते. आमच्यासारख्या साठीतल्या बायकांनी धमाल केली. सुनांच्या पिढीला निम्मेसुद्धा ओळखता आले नाहीत.

एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली. सूर ऐकला की आम्ही ‘अगं ही ती, ती पळत येणारी मुलगी’ म्हणून ओरडायचो, पण जाहिरात कशाची हे विचारलं की गाडी अडायची. एकीने साबण सांगितला, दुसरीने टूथपेस्ट, आणि निघाली ती चहाची. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं जाहिरात डोक्यात राहिली आणि माल विसरला. ज्याने पैसे खर्चून ती केली त्याला काय वाटेल!

नववा सूर लागला आणि पहिल्या दोनच स्वरांत सगळा हॉल गायला लागला. ‘हमारा बजाज’! कशाची जाहिरात हे कोणाला विचारावंच लागलं नाही. आपल्या आकुर्डीची ती. निम्म्या बायकांच्या घरचं कोणी ना कोणी त्या कंपनीत, नाहीतर तिला माल पुरवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये होतं.

तेवढ्यात एक तरुण मैत्रीण हसत म्हणाली, “आमच्या सासऱ्यांना तर लग्नात मिळाली होती. फुकट!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन अंथरुणावर पडले, पण झोप लागेना. तो ‘फुकट’ शब्द काही जाईना. आर्जव म्हणजे मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असणं. मग मी हसले का? म्हणून आज ही गोष्ट लिहून टाकते.

मी बी.कॉम. झाले १९८२ साली, सांगलीत. जाहिरातीवर एक धडा होता. त्यात चार पायऱ्या पाठ केल्या होत्या: आधी लक्ष वेधा, मग कुतूहल जागवा, मग इच्छा निर्माण करा, मग माणसाला दुकानापर्यंत आणा. परीक्षेत दहा मार्कांना हमखास यायचं. तेव्हा घोकून लिहिलं. पुढे स्वाध्यायाला बसायला लागले तेव्हा तिसऱ्या पायरीवर अडखळले. इच्छा निर्माण करा! आपण परिग्रहाचं परिमाण करतो, म्हणजे इच्छेला कुंपण घालतो. वस्तू किती आहेत यापेक्षा त्यांच्यावरची आसक्ती हा खरा परिग्रह, असं आपल्याला शिकवलंय. आणि इथे एक अख्खा धंदा उभा आहे तो हे कुंपण कुठून ओलांडता येईल हे शोधण्यासाठी. दूरदर्शनवर पहिल्या जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून लागल्या. तेव्हापासून आपल्या बसायच्या खोलीत रोज कोणीतरी येऊन सांगतंय की तुमच्याकडे अमुक नाही.

त्याच १९७६ साली माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्कूटरचा नंबर लावला. अण्णा सांगलीत हळदीच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. घर ते मार्केट यार्ड रोज सायकलने. गुडघे दुखायला लागले होते. चेतक बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलेली ती स्कूटर. पण पैसे दिले आणि गाडी घेतली असा काळ नव्हता. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारच्या परवान्यावर ठरायचं. मागणी भरमसाट, माल थोडा. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं होती. मुलगी जन्मली की नंबर लावून ठेवावा, म्हणजे लग्नापर्यंत गाडी येईल, असं लोक गमतीत म्हणत. गमतीत म्हणत, पण त्या गमतीत मुलीच्या बापाने काय करायचं असतं हे आधीच ठरलेलं होतं.

अण्णांनी नंबर लावला होता तो स्वतःसाठी. पावती कपाटात, देवपूजेच्या पुस्तकांच्या खाली ठेवलेली असे. दर दिवाळीला ती काढून बघत आणि परत ठेवत.

१९८४ मध्ये माझं लग्न ठरलं. स्थळ चिंचवडचं. मुलगा भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर. घर धार्मिक, माणसं चांगली. बैठकीत हुंडा हा शब्दसुद्धा कोणी उच्चारला नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे माझ्याच वयाचा, तो सगळ्यांना ठाऊक होता. फक्त सासरकडचे एक वडीलधारे पानाला चुना लावता लावता म्हणाले, “राहायला चिंचवड, काम भोसरीत. शिफ्ट सुटायची वेळ ही अशी. पोराकडे एखादी गाडी असती तर बरं झालं असतं. तुमच्याच मुलीची सोय.”

आणि योग असा की त्याच महिन्यात अण्णांचा नंबर लागल्याचं पत्र आलं. आठ वर्षांनी. आई काहीच बोलली नाही. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बघ, वेळेवर आली.”

उरलेल्या पैशांसाठी आईच्या पाटल्या गेल्या. आकाशी रंगाची स्कूटर, हँडलला झेंडूची माळ, मांडवाच्या दारात उभी. सगळे फोटो तिच्याबरोबर काढत होते. अण्णांचा मात्र एकही फोटो तिच्याबरोबर नाही. ते दुसऱ्या दिवसापासून परत सायकलवर.

माझ्या संसारात त्या स्कूटरने काय नाही केलं! त्या काळी सकाळी स्कूटर थोडी तिरकी करून किक मारायची, हा घरोघरचा विधीच होता. पुढे मुलगा उभा, मागे मी, मांडीत धाकटी, पायाशी गहू दळायचा डबा. मंदिर, दवाखाना, शाळा, चिंचवडचा बाजार. हे वर्कशॉपमधून आले की आधी तिला पुसायचे, मग हात धुवायचे. मीही तिच्यावर बसायचे, पण बसताना प्रत्येक वेळी अण्णांची सायकल डोळ्यांसमोर यायची. यांना मी कधी सांगितलं नाही की तो नंबर कोणासाठी लावला होता. त्यांचा समज होता की सासऱ्यांनी लग्नासाठी म्हणून गाडी घेतली. माहेरचं दुःख सासरी सांगू नये असं आम्हाला शिकवलेलं.

मग १९८९ साली ती जाहिरात आली.

आता थोडं त्या जाहिरातीबद्दल, कारण तिच्यामागचं कारण मला फार नंतर कळलं. तोपर्यंत जपानी तंत्राच्या गाड्या आल्या होत्या. १९८४ पासून कायनेटिक होंडा, जिला गिअर टाकायची कटकट नाही, आणि १९८५ पासून हिरो होंडाची मोटरसायकल, जी कमी पेट्रोलवर लांब पळते. आठ-आठ वर्षं थांबणारं गिऱ्हाईक आता दुसरीकडे बघायला लागलं होतं. अशा वेळी साधा व्यापारी काय करेल? आमची गाडी त्यांच्यापेक्षा कशी भारी ते सांगेल, किंमत सांगेल, मायलेज सांगेल. लिंटास या एजन्सीने यातलं काहीच केलं नाही. तिथले प्रमुख होते अलेक पदमसी. त्यांच्या मंडळींनी इंजिन दाखवलं नाही, दाखवली माणसं. वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या वयांची, आपल्यासारखी साधी माणसं, आपापल्या स्कूटरसह. कोणी नटनटी नाही. संगीत लुई बँक्स यांचं.

याच पदमसींनी आधी सर्फच्या ललिताजीलाही घडवलं होतं. तिकडे अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या निरमाने स्वस्त पावडर घरोघरी पोचवली होती आणि सर्फला आपला महाग डबा विकायचा होता. तेव्हा त्यांनी भाजी घासाघीस करून घेणारी, एकेक पैसा मोजणारी गृहिणी उभी केली. ती म्हणे, स्वस्त वस्तू घेणं वेगळं आणि चांगली वस्तू घेणं वेगळं. कविता चौधरींनी ती भूमिका केली होती. पदमसींना ती बाई सुचली त्यांच्या आईवरून. गृहिणीला हिशेब कळतो, हे कुणीतरी टीव्हीवर पहिल्यांदाच मान्य केल्यासारखं मला वाटलं होतं. मी बी.कॉम. होऊन घरचा जमाखर्च लिहिणारी, मला ती सख्खी बहीण वाटायची.

आणि आपल्या चिंचवडच्या कायनेटिकची लूना! फिरोदिया म्हणजे नगरचं आपलं जैन घराणं. १९७२ साली त्यांनी ती छोटी मोपेड आणली. ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात पुढे पियूष पांडे यांनी केली. तेव्हा ते या धंद्यात नवे होते. आमच्या गल्लीत एक नर्सबाई लूनावर ड्यूटीला जायच्या. पोरं त्यांना बघून तेच ओरडायची आणि त्याही हसून हॉर्न द्यायच्या. जाहिरात गल्लीत उतरते ती अशी.

पण मुद्द्याकडे येते. ‘हमारा बजाज’ मध्ये मला आज एक गोष्ट दिसते, ती तेव्हा दिसली नव्हती. बाकी जाहिराती ‘तुमच्याकडे नाही’ म्हणतात. ही ‘तुमच्याकडे आहे’ म्हणाली. ज्यांच्या दारात स्कूटर उभी होती, त्यांनाच तिने सांगितलं की हे तुमचं आहे, आणि ते कमी प्रतीचं नाही. आपल्या कॉलेजच्या धड्यातली ती तिसरी पायरी तिने जणू उलटी चढली. इच्छा वाढवण्याऐवजी आहे त्याचा मान वाढवला. माझे पती भोसरीत दिवसभर सुटे भाग कातायचे. व्हर्नियरने मोजायचे, केसभर फरक पडला तर माल परत यायचा, त्याचा जाच. त्या माणसाला पहिल्यांदा वाटलं की आपण कातलेला तुकडा देशाच्या कामाचा आहे. जाहिरात लागली की ते ताटावरून मान वर करायचे. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटायचा, आणि त्याच वेळी मी उठून आत पोळ्यांकडे जायचे. ‘हमारा’ हा शब्द मला ऐकवायचा नाही. कोणाचा? अण्णांचा, असं मनात यायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा चार दिवस आमच्याकडे आले होते. रविवारी सकाळी महाभारत बघायला शेजारची पाच-सहा माणसं आमच्याच खोलीत. मालिका लागायच्या आधी ती जाहिरात लागली. पोरं तोंडपाठ गायला लागली. अण्णाही टाळी वाजवत होते. मग अगदी सहज, कौतुकाने, जावयाकडे बघून म्हणाले, “हिचा नंबर मी शहात्तर साली लावला होता बरं का. आठ वर्षं वाट बघितली.”

त्यात तक्रार अजिबात नव्हती. म्हाताऱ्या माणसाने जुनी आठवण सांगावी, तसं. पण यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. १९७६ साली मी पंधरा वर्षांची. तेव्हा कुठलं लग्न, कुठला जावई? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. समोर युद्ध चालू होतं, शंख वाजत होते, आणि आमच्या खोलीत आम्ही दोघं एक अक्षर न बोलता सगळं बोललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे यांनी अण्णांना उठवलं आणि स्कूटरवर बसवून निगडीच्या प्राधिकरणात नेलं. तेव्हा तिथे रुंद रस्ते झाले होते, पण घरं तुरळक होती. रिकाम्या रस्त्यावर यांनी सत्तावन्न वर्षांच्या सासऱ्यांना गाडी शिकवली. मागे धरून धावत होते म्हणे. अण्णांनी पहिल्या गिअरमध्ये एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत गाडी नेली. परत आले तेव्हा धोतराला धूळ आणि चेहरा लहान मुलासारखा. आईला पत्र लिहायला बसले, त्यात पहिली ओळ हीच की आज गाडी चालवली.

निघताना हे म्हणाले, “अण्णा, गाडी तुम्ही घेऊन जा.” अण्णा म्हणाले, “नाही हो. दिलेलं परत घेत नाहीत. आणि आता गुडघे सायकललाच सवयीचे झालेत.” ते शेवटपर्यंत सायकलच चालवत राहिले.

म्हणून मला कोणी विचारलं की जाहिरात लक्षात कशाने राहते, तर मी म्हणेन की सुराने राहते, वारंवार कानावर पडण्याने राहते. तेव्हा तर सगळ्यांना एकच दूरदर्शन, त्यामुळे अख्खा देश एकाच वेळी तेच ऐकायचा. पण लक्षात राहणं वेगळं आणि अर्थ असणं वेगळं. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीही माझ्या लक्षात आहेत. माझी सावळी भाची त्या बघून आरशासमोर तासन्‌तास उभी राहायची, तेही लक्षात आहे. त्या जाहिरातींनी मुलीला सांगितलं की तू कमी आहेस. लक्षात राहिल्या, पण काट्यासारख्या.

मी आता नातवंडांबरोबर टीव्ही बघताना मनात तीन प्रश्न विचारते. यात जी माणसं दाखवली त्यांचा मान राखलाय का? सांगितलं ते खरं आहे का, आणि काय सांगायचं टाळलंय? आणि बघून झाल्यावर माझं मन मोठं झालं की छोटं? ‘हमारा बजाज’ पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात पूर्ण पास. दुसऱ्यात मात्र मी तिचे थोडे मार्क कापते. त्या जाहिरातीत कितीतरी हसरी घरं आहेत, पण त्या काळात कितीतरी घरांत ती गाडी कशी आली हे त्यात नाही. तो काही जाहिरात करणाऱ्यांचा दोष नाही. मागणारे आपण होतो. देणारे आपण होतो. गप्प बसणारे तर आपणच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मोटरसायकलचा जमाना आला, आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी राहुल बजाज गेले. आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच वर्षानुवर्षं राहिलेले गृहस्थ. त्या रात्री घरोघरी टीव्हीवर तोच सूर वाजत होता. माणूस गेल्यावर बातमीत त्याच्या जाहिरातीचं गाणं लागतं आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरतात, असं किती जाहिरातींचं होतं?

चेतक मात्र परत आली, विजेवर चालणारी. २०२० च्या जानेवारीत ती विक्रीला आली तेव्हा चाकणच्या कारखान्यात बनत होती. आमच्या सुनेने तशी एक घेतली आहे, स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर. मला मागे बसवून मंदिरात नेते. आवाज नाही, धूर नाही, तिरकी करावी लागत नाही.

याच सुनेच्या वेळची बैठक सांगते आणि थांबते. २०१३ सालची गोष्ट. तिच्या वडिलांनी नेहमीप्रमाणे हात जोडून विचारलं, “आपली काही अपेक्षा?” आमच्याकडची मोठी माणसं सरसावून बसली होती. हे म्हणाले, “अपेक्षा कसली? आमच्यावरच एका स्कूटरचं देणं आहे. सासऱ्यांचं. ते जाऊन दहा वर्षं झाली, आता त्यांना कसं फेडणार? तुमच्याकडून काहीच घ्यायचं नाही, एवढंच आता माझ्या हातात आहे.” आणि भरल्या बैठकीत त्यांनी १९७६ च्या नंबराची सगळी गोष्ट सांगितली. मी दाराशी उभी होते. एकोणतीस वर्षं जे मी बोलले नाही, ते त्यांनी चारचौघांत बोलून टाकलं. मला वाटतं, आर्जव ते हेच.

आज आपल्या समाजात स्कूटर कोणी मागत नाही. आता चारचाकी ‘स्वखुशीने’ येते, तिला मोठी रिबन बांधलेली असते, तिच्याबरोबर फोटो निघतात. मांडवात पुढच्या वेळी अशी गाडी दिसली, तर तिच्याबरोबर फोटो काढायच्या आधी मुलीच्या वडिलांकडे एकदा बघा. ते कशावरून घरी जाणार आहेत, ते बघा.

आणि त्या तरुण मैत्रिणीला सांगायचं राहिलंच. अगं, फुकट नव्हती ती. तुझ्या सासूबाईंना एकदा विचारून बघ.

कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.